चिल्लरकाका

महिन्यातून दोन-तीनदा आमच्या सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या दाराच्या कडीला कोथिंबिरीची जुडी अडकवलेली सापडते. कुणी ठेवली हे विचारायचं कारण नसतं. चिल्लरकाकांनी भाजीवालीकडून सुट्टे घेतलेले असतात.

काकांना कोथिंबीर नको असते, पन्नासची नोट मोडून हवी असते. फुकट सुट्टे कोण देणार? म्हणून दहाची जुडी घ्यायची आणि उरलेले चाळीस 'नोटा नकोत, नाणी दे' या अटीवर परत घ्यायचे. भाजीवाली गोणपाटाखालचा डबा उपडा करते आणि मागची गिऱ्हाइकं टेकायला भिंत शोधू लागतात. काका एकेक नाणं दोन बोटांत कडेनं धरतात, चष्मा कपाळावर सरकवतात, नाणं उजेडाला तिरकं करतात आणि सालाच्या खाली बघतात. तिथे पत्त्यातल्यासारखी चौकट असली तर नाणं मुंबईच्या टाकसाळीचं, चांदणी असली तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं. काहीच नसलं तर कोलकात्याचं. "काहीच खूण नाही, असं कसं?" असं मी एकदा विचारलं होतं. काका म्हणाले, "खानदानी माणसं दारावर पाटी लावत नाहीत."

भाजीवालीला या खानदानाचं सोयर ना सुतक. "आवं काका, खोटं न्हाई त्यात एक बी," ती करवादते.

"खोटं नाहीच गं बाई. खोटं असतं तर ठेवून नसतं का घेतलं?"

ही चेष्टा नव्हे. खोटी नाणी, चुकून दोनदा ठसा बसलेली नाणी, ठसा घसरून अर्धी कोरी राहिलेली नाणी यांच्यासाठी काकांच्या कपाटात वेगळा कप्पा आहे आणि त्याच्यावर त्यांचा सख्ख्या नाण्यांपेक्षा जास्त जीव आहे.

'चिल्लरकाका' हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं. काकांना ते मुळीच आवडत नाही. "चिल्लर खर्चायची असते रे. ही नाणी आहेत," असं ते प्रत्येक पिढीला समजावून सांगतात. पिढ्या मोठ्या होतात, नाव तसंच राहतं. मात्र या वाक्यात सगळे काका आले. उभ्या जन्मात या माणसाच्या हातून जेवढे पैसे गेले तेवढे साताऱ्यात फार थोड्यांच्या हातून गेले असतील. पण स्वतःच्या खिशातलं नाणं दुसऱ्याच्या हातावर ठेवायची वेळ आली की काकांचा हात गळाठतो. कंजूष म्हणावं तर तसंही नाही. पाचशेची नोट ते कुणालाही उसनी देतात आणि विसरून जातात. हात अडतो तो रुपयाला.

तेहतीस वर्षं काका गाडीवर कंडक्टर होते. खाकी कपडे, खांद्याला चामडी बॅग, हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि दांड्यावर टकटक वाजणारा पंच. नाणी जमवणाऱ्याला कंडक्टरची नोकरी म्हणजे मांजराला दुधाच्या डेअरीत रात्रपाळी. १९७६ साली ते कामाला लागले तेव्हा आणे जाऊन १९ वर्षं झाली होती, तरी बॅगेत काय सापडेल याचा नेम नसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, नवं नाणं ओळखू यावं म्हणून त्यावर 'नया पैसा' छापलं, १९६४ साली त्यातला 'नया' गळाला. हे सगळे नवे-जुने पैसे बॅगेत एकमेकांना खेटून बसलेले. पाच पैशांचा चौकोन, दहा पैशांचं कातरलेल्या पाकळ्यांचं फूल, तीन पैशांचा षट्कोन. १९६८ ते ७१ मधलं पितळी वीस पैशांचं कमळ मात्र बॅगेत टिकत नसे. त्यात सोनं आहे, अशी बायकांची समजूत होती आणि ते थेट देव्हाऱ्यात जायचं.

चांगलं नाणं दिसलं की काका खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं बॅगेत टाकत आणि ते उचलत. एका पैशाची अफरातफर नाही. पण खिसा रिकामा झाला की पंचाईत. मग बॅगेतली करकरीत नाणी वाचवण्यासाठी काका प्रवाशांच्या तिकिटामागे बाकी लिहून द्यायला लागत. "बाकी साठ पैसे, उतरताना घ्या."

"मास्तर, बॅग तर खुळखुळतीय की तुमची!"

"बॅग खुळखुळते. सुट्टे नाहीत."

उतरायच्या गडबडीत निम्मे लोक विसरत. ते पैसे काका रात्री हिशेबात इमानदारीने जादा जमा दाखवत. सगळी नोकरी त्यांनी प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या आणि हिशेबनिसाचे प्रश्न झेलले. आता दुकानोदुकानी ते काळ्या ठिपक्यांचं चौकोनी कोडं लटकतंय, लोक मोबाइल दाखवून चहा पितात आणि काका हळहळतात. "पैसा गेला कुठं रे? आवाज तरी यायचा की नाही?"

संग्रह बघायला म्हणून कुणी आलं की आधी हात धुवायला लावतात. मग टेबलावर टर्किश टॉवेल पसरतात. नाणं निसटलं तर फरशीवर पडायला नको. नाणं कडेनंच धरायचं, तोंडाजवळ नेऊन बोलायचं नाही, पुसायचं तर मुळीच नाही. नाण्यावर साचलेला काळपटपणा ही त्याची कमाई, तो घासून काढणं म्हणजे म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांना इस्त्री करणं, हे त्यांचं आवडतं वाक्य. एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला म्हणून काकूंनी तांब्याच्या शिवराया चिंच-मीठ लावून लखलखीत केल्या होत्या. तो विषय दोघांसमोर काढायचा नाही, असा आमच्या सोसायटीत संकेत आहे.

तशी चूक काकांकडूनही झाली. १९८४-८५ च्या सुमाराला त्यांनी हौसेनं मऊ प्लास्टिकच्या खिशांचे अल्बम आणले. दहा वर्षांनी उघडून बघतात तर नाण्यांना हिरवं, चिकट, बुळबुळीत काहीतरी सुटलेलं. नाणी रडताहेत असं वाटलं म्हणे. असलं मऊ प्लास्टिकच तांब्याला खातं, हे ज्ञान त्यांना चारशे नाणी अॅसिटोनमध्ये बुडवताना झालं. पहिली बाटली त्यांनी शेजारच्या मुलीच्या नेलपॉलिश रिमूव्हरची वापरली. त्यात सुगंध आणि तेल असतं. व्हिक्टोरिया राणीला पुढे कितीतरी दिवस गुलाबाचा वास येत होता. आता सगळं पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये असतं. मध्ये गोल पारदर्शक खिडकी, चार बाजूंनी स्टेपलरच्या पिना, वर बारीक अक्षरात साल, टाकसाळ, धातू, वजन. वजनासाठी सोनाराचा काटा आहे. काकूंना केशर मोजायला तो मिळत नाही.

एवढं सगळं झाल्यावर संग्रह लागला असं तुम्ही म्हणाल. संग्रह लागत नसतो. दर मे महिन्यात काका तो मोडतात आणि नव्यानं लावतात.

पहिल्यांदा सालाप्रमाणे लावला. सोपं वाटलं. १८३५ चा कंपनीचा रुपया पुढे, मागोमाग बाकीचे. मग १८६२ आलं. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल घातलं गेलं ते घातलंच. १८७४ पर्यंत टाकसाळी तेच साल छापत राहिल्या, फक्त ठिपक्यांच्या हिशेबानं नाणी ओळखायची. म्हणजे साल १८६२ आणि जन्म १८७० चा. याला ठेवायचं कुठं? शाळेत वय कमी लावलेल्या मुलासारखी गत. काकांनी अख्खा मे महिना भिंगाखाली ठिपके मोजण्यात घालवला. त्यातून बाहेर पडले तोवर निजामाची चारमिनार छापाची नाणी वाट बघत होती, त्यांच्यावर हिजरी सन. आणि शिवराईवर तर बहुधा सालच नाही. सालाची पद्धत मोडली.

मग धातूप्रमाणे. यात चांदीचा रुपया अडचणीत आला. १९४० पूर्वीच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, १९४० पासून निम्मी, आणि १९४७ चा वाघछाप रुपया निव्वळ निकेलचा. एकाच जॉर्ज बादशहाचे तीन धातू! काका हताश होऊन म्हणाले, "माणसानं शेवटी शेवटी किती खालावावं!" नंतर आकाराप्रमाणे लावून पाहिला. १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा मधोमध येऊन बसला आणि त्याच्या भोकाकडे बघून बाकी सगळा संग्रह अपुरा वाटायला लागला, असं काकूंचं म्हणणं. युद्धात धातूची टंचाई झाली म्हणून सरकारनं पैशाला भोक पाडलं. काकांच्या चुलत्यानं असल्या पैशांचे वायसर करून सायकलला लावले होते. ती सायकल भंगारात गेली, हे दुःख काका अजून विसरलेले नाहीत.

शिवराया हे त्यांचं देवघर. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, त्यामुळे अख्खी अक्षरं क्वचितच बसतात. एखादीवर 'श्री' आहे आणि राजाचा पत्ता नाही, एखादीवर नुसतं 'छत्र'. अक्षरांचं वळण ठशागणिक वेगळं, शुद्धलेखन कारागिराच्या मर्जीवर. काका भिंग घेऊन तासन् तास या कारागिरांची हस्ताक्षरं ओळखत बसतात. एका शिवराईवर तर झिजून झिजून 'राजा'मधला फक्त 'जा' राहिलाय. एका रात्री पाऊण वाजता काका ती न्याहाळत बसलेले असताना काकूंनी खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "बघा, ते नाणंसुद्धा सांगतंय. झोपायला जा."

१९११ चा रुपया दाखवताना मात्र ते गोष्टीवेल्हाळ होतात. पंचम जॉर्जच्या छातीवरच्या साखळीत एक हत्ती आहे. कोरणाऱ्यानं तो असा काही कोरला की लोकांना तो डुक्कर वाटला. बादशहाच्या अंगावर डुक्कर! बोभाटा झाला, सरकारनं रुपये परत घेऊन वितळवले आणि पुढच्या साली हत्तीची सोंड नीट काढली. काका भिंग आपल्या हातात देतात आणि श्वास रोखून बघत राहतात. आपण काय म्हणतो यावर त्यांचं आपल्याबद्दलचं मत ठरतं. मी 'हत्ती' म्हणालो होतो. "तू सरकारी माणूस आहेस," ते म्हणाले.

काकांकडे माणसांची ये-जा असते ती मुख्यतः लखपती व्हायला. व्हिडिओ बघून येतात. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन येतात, ट्रॅक्टरच्या चित्राची पाचाची नोट घेऊन येतात. परवा एक तरुण घामाघूम होऊन आला. रुमालात रुमाल, त्यात आणखी एक रुमाल, त्यात तांब्याचं जाड नाणं. एका बाजूला रामपंचायतन, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि साल १८१८. सोबत कागदाच्या पुडीत तांदूळ.

"काका, हे तांदूळ वढतं."

"कुठं ओढतं?"

"सोताकडं. अस्सल असलं तर वढतं. पाच लाखाला मागतायत."

काकांनी नाणं टॉवेलवर ठेवलं. भोवती तांदूळ पसरले. पाच मिनिटं आम्ही तिघं वाकून बसलो. तांदूळ जागचे हलले नाहीत. तरुण म्हणाला, जुना तांदूळ लागत असंल. काकांनी त्याला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "अठराशे अठरा साली काय झालं, सांग."

"काय की."

"पेशवाई बुडाली. आणि ज्यांनी ती बुडवली ते इंग्रज त्याच साली बसून रामरायाची नाणी पाडत होते, असं तुझं म्हणणं? कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही लेका. देवळाबाहेर विकायला केलेला बिल्ला आहे हा. देव्हाऱ्यात ठेव, राम खराच आहे." पोरगा पडल्या चेहऱ्यानं गेला. तांदूळ काकूंनी खिचडीला घेतले.

दुसऱ्याला शहाणं करणाऱ्या या माणसालाही एकदा टोपी बसली. एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांना सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दिसला. हा रुपया मिळणं म्हणजे औदुंबराचं फूल. काकांचे गुडघे थरथरले, त्यांनी घासाघीस केली नाही, आणि तिथेच चुकले. घरी येऊन भिंगाखाली धरला तर शेवटच्या नवाच्या पोटात जुन्या आठाचा पुसट डाग. १९३८ चा रुपया, कुणी सुरेख हातानं आठाचा नऊ केलेला. तो अजून त्यांच्या अल्बममध्ये आहे. होल्डरवर साल, टाकसाळ, धातू, वजन सगळं आहे. वर्गाच्या जागी लिहिलंय 'अक्कलखाते'. त्या खात्यात हल्ली दुसरं काही जमा झालेलं नाही, हे ते अभिमानानं सांगतात.

दहाच्या नाण्याचं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं. दहाचं नाणं खोटं असतं अशी आवई उठली आणि कोपऱ्यावरचा किराणावाला ते घेईना. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खुलासा केला, की आजवर काढलेले चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत. काकांकडे चौदाही होते. ते अल्बम काखेत मारून दुकानात गेले, काउंटरवर उघडला, रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दहा रेघांचं आणि पंधरा रेघांचं, एकेक समजावून सांगितलं. वीसेक माणसं जमली. किराणावाला वाण्याच्या जातीचा, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पटलं काका. द्या त्यातलं एक, साखर देतो दहाची."

काकांनी अल्बम मिटला. "मधुमेह आहे मला," म्हणाले, आणि घरी आले.

आता आणखी एका बिल्ल्याची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या सराफाकडे काका मोडीच्या ताटलीत डोकावले (ही त्यांची रोजची सवय, सराफानं तिथे स्टूलच ठेवलंय) तर पैंजण-जोडव्यांखाली चांदीचं पदक. एका बाजूला पंचम जॉर्ज. दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडाबंब स्वार, १९१४ आणि १९१८. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना दिलेलं ब्रिटिश वॉर मेडल. वितळवायला निघालं होतं. काकांनी ते मोडीच्या भावानं घेतलं. घरी काकूंनी स्वाराकडे पाहून "अंगावर चिंधी नाही आणि चाललाय लढाईला" एवढंच मत दिलं. काकांचं लक्ष कडेवर होतं. या पदकाच्या कडेवर, जिथं कुणी बघत नाही तिथं, शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. इंग्रजीत, बारीक. नाव होतं आणि पुढे ११७ मराठा. हीच पलटण एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात उपाशीपोटी शरण गेली होती. काका त्या रात्री जेवले नाहीत, असं काकू म्हणतात. काकांचं म्हणणं, भूकच नव्हती.

संग्रहात पदकांचा वर्गच नव्हता. नाणं म्हणावं तर त्याला किंमत छापलेली नाही, कुणी ते बाजारात चालवलं नाही. तीन दिवस ते टेबलावर होल्डरविना पडून राहिलं. चौथ्या दिवशी काकांनी सराफाला गाव विचारलं. निघालं त्यांच्याच जुन्या रूटवरचं. मला सोबत घेऊन निघाले.

घर सापडलं. सत्तरीचा नातू ओसरीवर शेंगा फोडत होता. पिशवी हातात घेतलेले दोन पांढरपेशे बघून त्यानं आधीच सांगून टाकलं, "हप्ता पुढच्या म्हैन्यात भरनार हाय." काकांनी पदक काढलं. तो म्हणाला, "आवं, ह्यो तर आज्याचा बिल्ला! म्याच इकला की मागल्या आठवड्यात." आनंद, लाज, काही नाही, पावसाचं बोलावं तसं. मग काकांनी त्याला भिंग दिलं आणि कड दाखवली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. नात बाहेर आली, कॉलेजात जाणारी. तिनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. शेंगा फोडायच्या थांबल्या. "नाव हाय व्हय त्याच्यावर?" म्हातारा म्हणाला. "आमी ल्हानपनी लगोरीला लावायचो ह्ये."

"घेतलं कितीला?" त्यानं विचारलं. काकांनी आकडा सांगितला नाही. किंमत विचारली की सांगता न येण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. शेवटी म्हाताऱ्याच्या बायकोनं तो प्रश्न सोडवला. पदकाला हळदकुंकू लावून देवाजवळ ठेवलं आणि काकांच्या हातावर नारळ, दहाची नोट आणि एक रुपया ठेवला. तिच्या बोटांचं ओलं कुंकू रुपयाला लागलं होतं. मी पाहत होतो. एवढ्या सगळ्यातही काकांनी तो रुपया हळूच कडेनं धरला, तिरका केला आणि सालाखाली पाहिलं. ठिपका. नोएडा. त्यांच्याकडे तसले सतरा होते.

परतीच्या गाडीत ज्येष्ठांचं अर्धं तिकीट एकवीस रुपये झालं. काकांनी दहाच्या तीन नोटा दिल्या. कंडक्टर पोरगेलासा होता. "एक रुपया सुट्टा द्या आजोबा, दहा परत देतो."

"नाही," काका म्हणाले. रुपया रुमालात गुंडाळून वरच्या खिशात होता. खिशावर हात होता.

कंडक्टरनं मशीनच्या तिकिटामागे पेनानं ९ लिहून दिलं. सातारा आलं, काका उतरले. स्टँडच्या बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काका, नऊ रुपये राहिले." ते थांबले, तिकीट काढून मागची बाजू बघितली आणि खूश झाले. "अक्षर चांगलं आहे पोराचं," म्हणाले.

तो रुपया होल्डरमध्ये गेला. नाणं पुसायचं नसतं, त्यामुळे कुंकवासकट. तिकीटही त्याच्या मागे ठेवायचं ठरलं, पण मशीनची शाई सहा महिन्यांत उडते. म्हणून काकांनी मला झेरॉक्स काढून आणायला सांगितलं आणि हातात शंभराची नोट दिली. मी म्हणालो, "काका, दोन रुपयांचं काम, मी मोबाइलवरून देतो."

"खबरदार," काका म्हणाले. "नोट मोड. आणि पाचाची घेऊन ये, पाचाची. दुकानदार नाही म्हणाला तर एक खोडरबर घे."